अंपायरगिरी

शनिवारची सकाळ, पावणेनऊची वेळ, दुसरी इनिंग. चेंडू जरासा बाहेरून गेला. म्हणजे मला तरी तसं वाटलं. मी "बॉल" असं म्हटलं. तर माझ्या पुढ्यात उकिडवा बसलेला नऊ वर्षांचा कॅचर मान वळवून, हेल्मेटच्या जाळीतून माझ्याकडे बघत अगदी निरागसपणे म्हणाला, "आर यू शुअर?"

तो वाद घालत नव्हता हो. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. शाळेत नाही का आपण बाईंना विचारायचो, "बाई, नक्की सात चोक अठ्ठावीसच ना?" तसं.

खरं उत्तर होतं, "नाही रे बाबा." दिलेलं उत्तर होतं, "येस."

हापिसात मला कोणी असं विचारलं तर मी बिनधास्त सांगतो की थांब, लॉग बघतो, मग बोलू. गेली सतरा वर्षं माझं पोट "नक्की नाही, बघून सांगतो" या एका वाक्यावर चाललंय. आणि शनिवार-रविवारी मी अशा ठिकाणी उभा असतो जिथे हे वाक्य म्हणायची सोयच नाही. खात्री असो-नसो, एका सेकंदात, मोठ्याने, हात वर करून सांगायचं. आणि सांगितलं की संपलं. नो रोलबॅक.

तर आधी मी या भानगडीत कसा पडलो ते सांगतो.

आम्ही राहतो बॉस्टनच्या पश्चिमेकडच्या एका गावात. चिरंजीव आठ वर्षांचे झाले तेव्हा त्यांनी जाहीर केलं की मला बेसबॉल खेळायचाय. (क्रिकेटची बॅट त्याच्या हातात द्यायचे माझे तीन वर्षांचे प्रयत्न तिथेच वारले. असो.) लिटल लीगमध्ये नाव घातलं. ही लिटल लीग म्हणजे १९३९ साली पेनसिल्व्हेनियातल्या विल्यम्सपोर्टमध्ये कार्ल स्टॉट्झ नावाच्या गृहस्थांनी तीन संघांवर सुरू केलेला प्रकार. आता जगभर पसरलाय. पण गावपातळीवर अजूनही सगळं आपल्याकडच्या सार्वजनिक गणपतीसारखं चालतं. कोच म्हणजे कोणाचे तरी बाबा, मैदानावर चुन्याच्या रेघा मारणारी कोणाची तरी आई, हॉट डॉगच्या टपरीवर कोणाचे तरी दादा-ताई. प्रत्येक घरातून कोणीतरी काहीतरी करायचं. फॉर्मवर कामांची यादी होती. कोचिंग मला येणं शक्य नव्हतं, हॉट डॉग भाजायची इच्छा नव्हती. उरलं अंपायरिंग.

मी म्हटलं, ह्यॅ, अंपायरिंग तर आपण डोंबिवलीत केलंय!

डोंबिवलीतलं अंपायरिंग म्हणजे काय, तर बॅटिंग करणाऱ्या टीममधला एक कच्चा लिंबू विकेटमागे उभा करायचा. त्याने एलबीडब्ल्यू द्यायचा नाही (एलबीडब्ल्यू नसायचाच), रनआऊट दिला तर स्वतःच्या टीमचा मार खायचा, नाही दिला तर समोरच्या टीमचा. फारच तिढा पडला तर "आईशप्पथ घे" हा थर्ड अंपायर. या अनुभवाच्या जोरावर मी फॉर्मवर टिकमार्क केली. बायको म्हणाली, "तुला भाजी घेताना दोन जुड्यांतली कुठली घ्यायची ते दहा मिनिटं ठरत नाही. तू अंपायर?"

बायकोच्या म्हणण्यातलं तथ्य पहिल्याच मॅचला कळलं.

क्रिकेटचा अंपायर बोलरच्या मागे उभा असतो. चेंडू त्याच्यापासून लांब जातो. कोट, टोपी, खिशात सहा दगड, असा सगळा सभ्य कारभार. बेसबॉलच्या प्लेट अंपायरकडे चेंडू येतो. थेट तोंडावर. मधे असतो तो एक बॅटर, ज्याला चेंडू लागत नाही, आणि एक कॅचर, ज्याच्या हातात तो राहत नाही. मोठ्यांच्या बेसबॉलमध्ये कॅचर ही अंपायरची ढाल असते. नऊ-दहा वर्षांच्या मुलांमध्ये कॅचर ही एक सदिच्छा असते. म्हणून तोंडावर मास्क, छातीवर कवच, नडग्यांवर पॅड, आणि आपला तो... कप. पार्किंगमध्ये गाडीची डिकी उघडून मी हे सगळं चढवत असतो तेव्हा शेजारून जाणाऱ्यांना वाटत असणार की हा माणूस दंगलीला निघालाय. एवढं करूनही पहिल्या सीझनमध्ये दंडावर दोन आणि मांडीवर एक असे जांभळे गोल उठले होते. त्यात इथला एप्रिल म्हणजे थंडी. सहा-सात डिग्री सेल्सिअसमध्ये लागलेला चेंडू दोन दिवस आठवणीत राहतो.

पण मार लागणं हा सोपा भाग. अवघड भाग म्हणजे स्ट्राईक झोन.

ज्यांना बेसबॉल माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: जमिनीत एक पांढरी पंचकोनी रबरी प्लेट असते, १७ इंच रुंद. तिच्या वर हवेत एक अदृश्य खोका आहे अशी कल्पना करा. लिटल लीगच्या नियमाप्रमाणे हा खोका बॅटरच्या गुडघ्यांच्या वरच्या टोकापासून बगलेपर्यंत. चेंडूचा कुठलाही भाग त्या खोक्याला नुसता चाटून गेला तरी तो स्ट्राईक, नाहीतर "बॉल". तीन स्ट्राईक झाले की बॅटर आऊट, चार बॉल झाले की तो फुकटात फर्स्ट बेसवर. आता गंमत बघा. खोका अदृश्य, आणि त्याची उंची बॅटरप्रमाणे बदलते. एकाच टीममध्ये चार फूट उंचीचं पोर असतं आणि त्याच्या मागोमाग मिसरूड फुटायच्या बेतातला वाटणारा दांडगोबा येतो. दोघंही दहा वर्षांचेच. पिचर उभा ४६ फुटांवर. या वयाची मुलं ताशी चाळीस-पंचेचाळीस मैलांनी टाकतात, म्हणजे तुमच्या हातात साधारण पाऊण सेकंद. शिवाय हा वेग असा की चेंडू येता येता खाली पडतो. प्लेटच्या पुढच्या कडेवर मांडीशी असतो आणि कॅचरच्या ग्लोव्हमध्ये पोचतो तेव्हा घोट्याशी. बाहेर बसलेल्या आईबापांना फक्त ग्लोव्ह दिसतो. ते ओरडतात, "घोट्याला होता तो!" घोट्यालाच होता, पण प्लेट ओलांडल्यावर!

यात आणखी एक अडचण आहे जी नियमांच्या पुस्तकात नाही. खोका पुस्तकाप्रमाणे काटेकोर मोजला तर नऊ वर्षांच्या पोराला सलग तीन स्ट्राईक टाकणं जवळपास अशक्य. मग सगळेच बॅटर चार बॉलवर फर्स्ट बेसला जातात, बॅट कोणी हलवत नाही, फिल्डर गवत उपटत बसतात आणि पिचर रडायला लागतो. म्हणून आमच्याकडच्या जुन्या अंपायरने मला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, "स्ट्राईक शोधत राहा. दोन्ही बाजूंना एकेक चेंडूभर जागा वाढवून दे. पण मॅचभर तेवढीच, आणि दोन्ही टीमना." म्हणजे बघा, स्पेसिफिकेशन एक, इंप्लिमेंटेशन वेगळं, आणि सगळ्यांनी ते मुकाट्याने मान्य केलेलं. हे मला ओळखीचं वाटलं.

ओळखीचं नव्हतं ते टायमिंग. नवीन अंपायर घाईने बोलतो. चेंडू ग्लोव्हमध्ये जायच्या आत तोंडातून "स्ट्राईक" बाहेर पडतं आणि मग मनात येतं, अरेच्चा. शिकवतात ते उलट: चेंडू ग्लोव्हमध्ये जाऊ दे, मनातल्या मनात तो पुन्हा एकदा बघ, मग बोल. मला स्टीव्ह बकनर आठवला. त्याला "स्लो डेथ" म्हणायचे ते उगाच नाही. अपील झालं की बकनर मख्खपणे उभा, मान हळूहळू हलतेय, आणि बॅट्समनचा जीव टांगणीला. आपल्या पिढीने २००८ च्या सिडनी टेस्टवरून बकनरला काय काय शिव्या घातल्यात! सायमंड्सची ३० वर असताना घेतलेली कड अख्ख्या डोंबिवलीला ऐकू आली होती, फक्त त्यालाच नाही. सायमंड्स नाबाद १६२. पुढच्या पर्थ टेस्टमधून बकनरला काढलं तेव्हा मी स्वतः हापिसात पेढे वाटायची भाषा केली होती. आज प्लेटमागे उभा राहिलो की दर शनिवारी एकदा तरी मनातल्या मनात त्याची माफी मागतो.

आणखी एक छोटी रीत सांगतो, कारण ती पुढे लागणार आहे. प्लेटवर माती साचली की अंपायर खिशातला छोटा ब्रश काढून ती झाडतो. झाडताना वाकावं लागतं. तेव्हा मैदानाकडे पाठ करायची आणि प्रेक्षकांकडे तोंड. प्रेक्षकांना आपलं ढुंगण दाखवायचं नाही, ही बेसबॉलची जुनी सभ्यता.

प्रेक्षक मात्र ती सभ्यता नेहमी परत करतात असं नाही.

मुलं कधीच भांडत नाहीत, हे मी पाच सीझनच्या अनुभवाने सांगतो. तिसरा स्ट्राईक दिला की एखाद्याचे डोळे भरून येतात, ओठ थरथरतो, पण तो डगआऊटमध्ये जातो आणि दोन मिनिटांत सूर्यफुलाच्या बिया चघळत हसत असतो. भांडतात ती मोठी माणसं. आणि कशासाठी? या मॅचच्या निकालाने कोणाचं काही म्हणता काही होणार नसतं. तरी २०१९ च्या जूनमध्ये कोलोरॅडोमधल्या लेकवूडला सात वर्षांच्या मुलांच्या मॅचमध्ये पालक मैदानावर उतरून एकमेकांना गुद्दे मारत होते. कारण काय, तर तेरा वर्षांच्या अंपायरचा निर्णय पटला नाही. अंपायर तेरा वर्षांचा, खेळाडू सात वर्षांचे, आणि हाणामारी करणारे चाळिशीचे घोडे! न्यू जर्सीतल्या डेप्टफर्डच्या लीगने २०२३ मध्ये याच्यावर एक झकास उपाय काढला. जो प्रेक्षक अंपायरला शिवीगाळ करेल त्याने आधी तीन मॅचमध्ये अंपायरिंग करायचं, मगच प्रेक्षक म्हणून परत यायचं. ही बातमी वाचून मी एकटाच टाळ्या वाजवत होतो.

पण हे सगळं मी दुसऱ्यांबद्दल सांगतोय. ज्यासाठी लिहायला बसलो ते माझ्याबद्दल आहे.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मे महिना, दहा वर्षांच्या मुलांची मॅच. मी प्लेटमागे, आणि बेसवर माझी जोडीदार होती आठवीतली एक मुलगी. वय चौदा. लीग अशा मुलामुलींना शिकवून तयार करते, मॅचमागे थोडे पैसेही देते. दातांना तारा, टोपीच्या मागच्या फटीतून बाहेर काढलेली वेणी, दोन साईझ मोठा शर्ट. मॅचच्या आधी तिनेच माझ्याकडे येऊन कुठल्या परिस्थितीत कोणी काय बघायचं ते ठरवून घेतलं. मला इनफिल्ड फ्लायचा नियम आजही मनातल्या मनात घोकावा लागतो. (फर्स्ट आणि सेकंड बेसवर रनर, दोनपेक्षा कमी आऊट, इनफिल्डमधला सोपा झेल, मग झेल सुटला तरी बॅटर आऊट. फिल्डरने मुद्दाम झेल सोडून दोघांना आऊट करू नये म्हणून. या एका नियमावर १९७५ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या कायद्याच्या नियतकालिकात लेख आलाय, यावरून काय ते समजा.) तिला तो नियम पाढ्यासारखा पाठ होता.

शेवटून दुसरी इनिंग. दोन आऊट, थर्ड बेसवर रनर. बॅटरने चेंडू सरपटी मारला, शॉर्टस्टॉपने उचलून फर्स्ट बेसला फेकला. फर्स्ट बेसमनने ताणून घेतला. मी प्लेटपाशी होतो, साठ फुटांवर. मला वाटलं, आऊट. इनिंग संपली. मी मास्क काढायला लागलो.

तिने दोन्ही हात आडवे पसरले. "सेफ!"

थर्डवरचा रनर घरी आला, स्कोअर बरोबरीत.

फिल्डिंग करणाऱ्या टीमचे कोच डगआऊटमधून निघाले. धिप्पाड माणूस. एरवी चांगला, मुलांवर कधी आवाज न चढवणारा. ते सरळ तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. मुलगी त्यांच्या छातीपर्यंत येत होती. "तू बघत काय होतीस? ढगाएवढा आऊट होता तो! कोणी शिकवलं तुला हे?" असं सुरू झालं. ती म्हणाली, "सेफ." ते पुन्हा बोलले, आवाज आणखी चढला. बाहेरून दोन-तीन पालकांनी साथ दिली. कोणीतरी ओरडलं, "फोन बघत होती ती!" ती परत म्हणाली, "सेफ." मग तिचा आवाज येईना, नुसते ओठ हलत होते.

नियमाच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलंय की सेफ-आऊट, स्ट्राईक-बॉल असल्या निर्णयांवर कोणीही हरकत घ्यायची नाही. थांबवणं माझं काम होतं. प्लेट अंपायर मी, मोठा मी. पण त्याच पुस्तकात हेही लिहिलंय की एका अंपायरने दुसऱ्याच्या निर्णयात, त्याने विचारल्याशिवाय, पडायचं नाही. आणि मी मनाशी म्हटलं की तिने मला विचारलेलं नाही, तेव्हा मी मधे पडणं बरोबर नाही.

इंजिनियर माणूस. पळवाट लगेच सापडते.

खरं कारण काय होतं ते मला तेव्हाही माहीत होतं. एक तर मलाही तो आऊटच वाटला होता. आणि दुसरं, परक्या देशात, परक्या खेळात, त्या धिप्पाड माणसासमोर, बावीस आईबापांच्या देखत जाऊन माझ्या इंग्रजीत "कोच, बस करा" म्हणायची माझी छाती झाली नाही. मग मी काय केलं? खिशातून ब्रश काढला, वाकलो आणि प्लेट झाडली. नियमाप्रमाणे मैदानाकडे पाठ करून. प्लेट स्वच्छच होती.

दोन-तीन मिनिटं चाललं असेल ते. मग कोच स्वतःच थकून परत गेले. मॅच पुढे झाली, कोण जिंकलं ते मला आज आठवतही नाही. शेवटी तिने चेंडूंची पिशवी माझ्या हातात दिली, "थँक यू" म्हणाली आणि तिच्या बाबांच्या गाडीकडे चालायला लागली. जवळजवळ पळतच.

गाडीत चिरंजीव मागे बसले होते. त्याची मॅच शेजारच्या मैदानावर होती, ती लवकर संपली म्हणून तो हे बघायला आला होता. बराच वेळ काही बोलला नाही. मग सिग्नलला म्हणाला, "बाबा, तू काहीच का नाही बोललास?"

मी त्याला ते नियमाचं सांगितलं. दुसऱ्याच्या निर्णयात पडायचं नाही वगैरे.

तो म्हणाला, "पण ते निर्णयाबद्दल नव्हतं ना. ते तिला ओरडत होते."

सिग्नल हिरवा झाला. मागच्याने हॉर्न दिला. (इथे कोणी हॉर्न देत नाही. म्हणजे मी बराच वेळ थांबलो असणार.)

त्या रात्री मी जे केलं ते अगदीच अपेक्षित होतं. पुरावा शोधला. एका ओळखीच्या पालकाने त्या खेळीचं फोनवर शूटिंग केलं होतं, ते मागवलं. म्हटलं, ती चुकली असेल तर निदान... निदान काय, ते मलाही सांगता आलं नसतं. व्हिडिओत शॉर्टस्टॉपने चेंडू उचलला, फेकला, आणि नेमक्या क्षणी कोणाचं तरी कोपर आडवं आलं. कोपर हटलं तेव्हा तिचे हात पसरलेले होते. मी तो चौदा वेळा बघितला. फ्रेम बाय फ्रेम. कोपरच.

मग यूट्यूबवर भरकटत जिम जॉयसपर्यंत पोचलो. २ जून २०१०, डेट्रॉईट. अर्मांडो गालाराग्गाने सलग सव्वीस बॅटर आऊट केले होते. सत्ताविसावा आऊट झाला असता तर परफेक्ट गेम, भल्याभल्या पिचरना आयुष्यात एकदाही न लाभणारी गोष्ट. सत्ताविसावा फर्स्ट बेसवर स्वच्छ आऊट होता आणि जॉयसने सेफ दिला. मॅचनंतर त्याने रीप्ले बघितला आणि कुठलीही सबब न सांगता म्हणाला की मी त्या पोराचा परफेक्ट गेम घालवला. रडला. दुसऱ्या दिवशी प्लेटमागे त्याचीच पाळी होती, आणि संघाची यादी द्यायला मुद्दाम गालाराग्गाला पाठवलं होतं. जॉयस डोळे पुसत होता. तेव्हा सेफ-आऊट असं रीप्लेवरून बदलायची सोय बेसबॉलमध्ये नव्हती. आता आहे. एवढंच काय, सप्टेंबर २०२५ मध्ये मेजर लीगने २०२६ च्या हंगामापासून स्ट्राईक झोनसाठीसुद्धा कॅमेऱ्यांची यंत्रणा मंजूर केली. बॅटर, पिचर किंवा कॅचर डोक्याला हात लावून आव्हान देणार, प्रत्येक टीमला दोन आव्हानं, आणि तो अदृश्य खोका बॅटरच्या उंचीच्या २७ टक्क्यांपासून ५३.५ टक्क्यांपर्यंत मोजलेला. हापिसातले मित्र मला चिडवतात की बघ, तुझी नोकरी ऑटोमेट झाली.

होऊ दे की. दहा वर्षांच्या मुलांच्या मैदानावर ते कॅमेरे यायला अजून बराच अवकाश आहे. आणि आले तरी त्या दिवशी माझ्याकडून जे चुकलं ते त्यांच्या खोक्यात कुठेच बसत नाही.

पुढच्या आठवड्यात बदललेलं वेळापत्रक आलं. तिच्या उरलेल्या सगळ्या मॅचसमोर दुसऱ्यांची नावं होती. कारण दिलेलं नव्हतं. मी समन्वयकाला विचारायला मेल लिहिली. ड्राफ्ट फोल्डरमध्ये ती बरेच दिवस होती.

मी मात्र अंपायरिंग सोडलं नाही. का, ते नीट सांगता येत नाही. या वर्षी एप्रिलमध्ये अशीच वेळ परत आली. जोडीदार तेरा वर्षांचा मुलगा, सेकंड बेसवरचा टॅग, वेगळे कोच, तेच तरातरा चालत येणं. या वेळी मी मास्क काढला आणि निघालो. वाटेत मला माझे पॅड एकमेकांवर आपटताना ऐकू येत होते. दोघांच्या मधे जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, "कोच, जे बोलायचंय ते माझ्याशी."

ते म्हणाले, "मी तुझ्याशी बोलत नाहीये."

"म्हणूनच सांगतोय."

हे वाक्य लिहिताना बरं वाटतंय, पण प्रत्यक्षात आवाज फाटला होता, आणि ताण आला की माझं इंग्रजी थेट डोंबिवली फास्ट लोकल पकडतं. कोचना अर्धंच कळलं असणार. तरी ते दोन पावलं मागे सरकले, काहीतरी पुटपुटले आणि गेले. काही नाट्यमय झालं नाही. टाळ्या वगैरे तर नाहीच. उलट मॅचनंतर एक बाबा मला म्हणाले की लहान मुलांच्या खेळात एवढं गंभीर व्हायचं कारण नव्हतं. त्या तेरा वर्षांच्या पोराने माझ्याकडे बघून मान हलवली आणि पाणी प्यायला गेला. पुढच्या शनिवारी तो आला होता. एवढंच.

आणि मग मागच्या शनिवारी, त्या "आर यू शुअर" वाल्या मॅचनंतर, मी हॉट डॉगच्या टपरीवर गेलो तर काउंटरमागे ती होती. आता सोळा वर्षांची. दातांच्या तारा गेलेल्या. धाकट्या भावाच्या टीमची पाळी होती म्हणून मदतीला आली होती. मी तिला लगेच ओळखलं. तिनेही मला ओळखलं, पण दाखवलं नाही. मी पाण्याची बाटली मागितली. मागे कोणी नव्हतं. मनात म्हटलं, आत्ता नाही तर मग ती मेल ड्राफ्टमध्येच राहणार.

"दोन वर्षांपूर्वी," मी म्हणालो, "ती मॅच. तेव्हा मी मधे यायला हवं होतं. आलो नाही. सॉरी."

तिने बाटली पुसून काउंटरवर ठेवली. थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्याचा पाय बॅगवर नव्हता."

"काय?"

"फर्स्ट बेसमनचा. चेंडू घ्यायला तो ताणला तेव्हा टाच उचलली गेली होती. एवढी." तिने अंगठा आणि बोट यांत दीडेक इंचाचं अंतर दाखवलं. "सगळे चेंडूच बघत होते. मी पाय बघत होते. आम्हाला तसंच शिकवलंय ना. डोळे पायावर, चेंडूचा फक्त आवाज ऐकायचा."

मला काही सुचेना. त्या दिवशी कोचनी विचारलं होतं की तू बघत काय होतीस. मी रात्री चौदा वेळा कोपर बघितलं होतं. तिने काय बघितलं ते आमच्यापैकी कोणी तिला विचारलं नव्हतं.

"कोणाला सांगितलं नाहीस?"

ती खांदे उडवून म्हणाली, "कोणी विचारलं नाही." मग मागे आलेल्या एका पोराला तिने केचप दिलं, माझे सुटे पैसे मोजले आणि मैदानाकडे हनुवटी दाखवली. "तुमची पुढची मॅच. पिचर वॉर्मअप करतोय."

मी बाटली घेऊन निघालो. पाच-सहा पावलांवर वळून म्हणालो, "बेस अंपायर कमी पडतायत या वर्षी."

"माहितीये," ती म्हणाली, आणि पुढच्या मुलाला विचारलं, "मस्टर्ड?"